पाळीव पोपटासाठी पेलेट आहार निवडताना : कोकणातील पक्षीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पक्षीपालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. पेलेटविषयीची बहुतेक माहिती कोरड्या हवेच्या देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरणाऱ्या आपल्या हवेत तिच्यातील काही सल्ले जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून येथील उत्तरांत ब्रँडच्या नावापेक्षा पाकिटावरची तारीख, डब्याचे झाकण आणि पक्ष्याचे वजन यांना अधिक जागा दिली आहे. ही माहिती निरोगी पक्ष्यांसाठी आहे. आजारी पक्ष्याचा आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा.

१. पेलेट म्हणजे नेमके काय? दुकानात मिळणाऱ्या मिक्स दाण्यांपेक्षा ते वेगळे कसे?

मका, गहू, सोयाबीन, तांदूळ अशी धान्ये-कडधान्ये दळून, त्यांत जीवनसत्त्वे, खनिजे आणि आवश्यक अमिनो आम्ले मिसळून केलेल्या एकसारख्या गोळ्यांना पेलेट म्हणतात. बहुतेक कंपन्या हे मिश्रण वाफेच्या उष्णतेत आणि दाबाखाली साच्यातून काढतात. काही कंपन्या कमी तापमानाला दाबून गोळ्या तयार करतात. मिक्स दाण्यांत पोपट निवडून खातो. सूर्यफूल आणि करडई आधी संपते, राळे आणि बाजरी मागे उरते, आणि वाटी अर्धी भरलेली दिसत असली तरी पोटात एक-दोन प्रकारच्या तेलबियाच गेलेल्या असतात. पेलेटच्या प्रत्येक गोळीत तेच घटक असल्यामुळे या निवडीला वाव राहत नाही.

२. आमचा पोपट कित्येक वर्षे सूर्यफूल, मिरची आणि पेरू खाऊन ठणठणीत आहे. मग बदल कशाला करायचा?

ठणठणीत दिसणे आणि असणे यांत पक्ष्यांच्या बाबतीत मोठे अंतर असते, कारण आजार अंगावर दिसू न देणे हा त्यांचा स्वभावच आहे. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत वजनाच्या सुमारे निम्मे तेल असते, कॅल्शियम फार कमी असते आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. अशा आहारावरील पक्ष्यांत यकृतात चरबी साठणे, नाक चोंदणे, वारंवार शिंका येणे, पिसे निस्तेज होणे आणि चोच वेडीवाकडी वाढणे या तक्रारी हळूहळू दिसू लागतात. आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटांना कॅल्शियमच्या कमतरतेमुळे झटके येऊ शकतात, तर बजरी (बजरीगार) या लहान पोपटाला आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड होऊ शकतो. मिरची आणि पेरू ही मात्र चांगली सवय आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि तिच्यातून त्यांना ‘अ’ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वे मिळतात.

३. कोणत्या पक्ष्याला कोणत्या आकाराचे पेलेट आणि किती प्रमाणात द्यावे?

बजरी आणि लव्हबर्डसाठी रव्याहून थोडे जाड, कॉकाटीलसाठी मुगाएवढे, सन कन्युअरसाठी तुरीच्या दाण्याएवढे आणि आफ्रिकन ग्रे किंवा मकावसाठी हरभऱ्याएवढे किंवा त्याहून मोठे पेलेट सोयीचे पडते. मोठे पक्षी गोळी पायात धरून खातात, त्यामुळे फार बारीक पेलेट त्यांच्याकडून वाया जाते.

प्रमाणाबाबत सर्व जातींना एकच नियम लावू नये. आफ्रिकन ग्रे, अॅमेझॉन, कोकाटू आणि कन्युअर यांच्या आहारात साधारण ६० ते ७५ टक्के पेलेट असावे आणि उरलेल्या भागात भाज्या, थोडी फळे आणि मोजक्या बिया असाव्यात. बजरी आणि कॉकाटील हे मुळात ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातील गवताचे बी खाणारे पक्षी आहेत. त्यांना निम्म्याच्या आसपास पेलेट आणि बाकी राळे, वरी, बाजरी व हिरव्या भाज्या असा मेळ अधिक मानवतो. लोरी आणि इक्लेक्टस या पोपटांचे प्रकरण निराळे आहे, त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

४. पाकिटावर नेमके काय वाचायचे?

आधी उत्पादनाची आणि मुदतीची तारीख वाचावी, मग उरलेले. आयात केलेले पाकीट जहाजातून, गोदामातून आणि वितरकाकडून फिरत आपल्यापर्यंत येते, त्यामुळे वर्षभराच्या मुदतीतले आठ-नऊ महिने वाटेतच गेलेले असू शकतात. अंडी न घालणाऱ्या प्रौढ पक्ष्यासाठी प्रथिने १२ ते १६ टक्के, स्निग्धांश ४ ते ८ टक्के आणि कॅल्शियम १ टक्क्याच्या आत असलेले पेलेट योग्य ठरते. ‘ब्रीडिंग’ किंवा ‘हाय पोटन्सी’ असे लिहिलेल्या पाकिटात प्रथिने आणि चरबी जास्त असते, आणि दुकानदार ‘भारीतले’ म्हणून तेच पुढे करतो; पिंजऱ्यात बसून राहणाऱ्या एकट्या पक्ष्याला ते वर्षभर देणे योग्य नाही. घटकांच्या यादीत साखर किंवा सिरप पहिल्या चार-पाच नावांत असेल, तर ते पाकीट परत ठेवावे.

५. रंगीत पेलेट वाईट असतात का?

विषारी नसतात. मात्र त्यांत बहुधा साखर आणि वास जास्त असतो, पक्षी एकच रंग निवडून बाकीचे खाली टाकतो, आणि विष्ठेला लाल-हिरवी छटा येते. शेवटचा तोटा सर्वांत मोठा आहे, कारण विष्ठेचा रंग हा घरच्या घरी तब्येत ओळखण्याचा आपला मुख्य आधार असतो. बिया सोडायला अजिबात तयार नसलेल्या पक्ष्याला सुरुवातीला रंगीत आणि नंतर साधे पेलेट देण्यास हरकत नाही.

६. सर्वांत चांगला ब्रँड कोणता?

हॅरिसन्स, राउडीबुश, झुप्रीम आणि व्हर्सेले-लागाचे न्यूट्रीबर्ड ही नावे जगभर वापरात आहेत आणि त्यांपैकी काही आपल्याकडे ऑनलाइन मिळतात. यांपैकी जे बंद पाकिटात, ताज्या तारखेचे आणि खंड न पडता मिळत राहील, ते निवडावे. घाट बंद पडला की चार दिवस कुरिअर न पोहोचणाऱ्या गावात दर महिन्याला ब्रँड बदलण्याची वेळ येणे हे पक्ष्याला कोणत्याही ब्रँडपेक्षा जास्त त्रासाचे असते.

७. पावसाळ्यात पेलेट सादळतात. ते कसे साठवावेत?

कोकणातील पेलेटची निवड खरे तर या प्रश्नापासूनच सुरू होते. पावसाळ्यात इथल्या हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि तयार होताना कोरडे असलेले पेलेट ही ओल शोषून घेते. धान्यावर वाढणाऱ्या अॅस्परजिलस जातीच्या बुरशीमुळे पक्ष्यांच्या फुप्फुसांना संसर्ग होतो, आणि तिच्यापैकी काही प्रकार अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करतात. हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि तव्यावर भाजल्याने जातही नाही. म्हणून बुरशी आलेला भाग काढून उरलेले वापरण्याची काटकसर येथे चालत नाही. पूर्ण पाकीट टाकावे लागते.

पहिली दक्षता खरेदीतच घ्यावी. कॉकाटील दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम कोरडे खाद्य खातो, म्हणजे सगळे पेलेट दिले तरी महिन्याला ४५० ग्रॅमच्या वर लागत नाही, आणि प्रश्न ३ मधील प्रमाण धरले तर त्याच्या निम्मेच लागते. बजरीला त्याहूनही कमी पुरते. अशा घरात किलोमागे स्वस्त पडते म्हणून तीन किलोची पिशवी आणणे महागात पडते. फोडलेले पाकीट पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत आणि एरवी सहा-आठ आठवड्यांत संपेल इतकेच आणावे. एखादा मोठा पोपट असेल किंवा तीन-चार पक्षीपालक मिळून मागवणार असतील, तरच मोठी पिशवी परवडते.

पेलेट मूळ पाकिटातच ठेवून, हवा काढून, चिमट्याने तोंड बंद करून ते पाकीट रबरी कडीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. जुन्या डब्यात तळाला उरलेल्या चुऱ्यावर नवे पेलेट ओतू नये. जादा माल दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवता येतो, पण बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड गोळ्यांवर लगेच पाणी धरते. वीज वारंवार जात असेल, तर फ्रीझरच्या भरवशावर राहू नये.

आपल्या घरांतील धान्य साठवण्याच्या काही पद्धती पक्ष्याच्या खाद्याला कधीही लावू नयेत. तांदळाला चोळायची बोरिक पावडर, डब्यात टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या आणि बिब्बे हे तिन्ही पक्ष्यासाठी धोकादायक आहेत. सादळलेले पेलेट पापडासारखे उन्हात वाळवणेही चुकीचे आहे, कारण उन्हाने आणि हवेने त्यातील ‘अ’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे नष्ट होतात. चांगली गोळी नखाने दाबल्यावर कट्कन तुटते आणि तिला भाजक्या पिठाचा वास येतो. दाबल्यावर ती चेपत असेल, कुबट किंवा खवट वास येत असेल, गोळ्या एकमेकींना चिकटून जाळी धरली असेल किंवा डब्यात सोंडे फिरत असतील, तर ते खाद्य देऊ नये.

८. बाजारात पोत्यातून सुटे पेलेट स्वस्त मिळतात. घ्यावेत का?

घेऊ नयेत. तारीख नाही, घटक नाहीत, पोते कधी उघडले ते कळत नाही, आणि उघड्या पोत्यातला माल आपल्याकडे पोहोचण्यापूर्वीच प्रश्न ७ मधील सर्व अवस्थांतून गेलेला असू शकतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर ब्रँडचे नाव पेनाने लिहिलेला माल सुट्या मालातच गणावा.

९. बियांवरून पेलेटवर कसे आणायचे? ‘उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल’ असे एकाने सांगितले.

हा सल्ला ऐकू नये. लहान पोपट अनोळखी वस्तूला अन्न म्हणून ओळखतच नाही आणि भरलेल्या वाटीपुढे उपाशी मरू शकतो. बजरीच्या बाबतीत एका दिवसाची उपासमारही जिवावर बेतते.

एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकघरातील डिजिटल काटा आधी घ्यावा. दररोज सकाळी, खाणे देण्यापूर्वी, पक्ष्याचे वजन करून वहीत लिहावे. बजरीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकाटीलचे ८० ते १०० ग्रॅम आणि आफ्रिकन ग्रेचे ४०० ते ५५० ग्रॅम असते. सुरुवातीच्या वजनात १० टक्के घट झाली, म्हणजे ३५ ग्रॅमची बजरी ३२ ग्रॅमच्या खाली आली, की बदल थांबवून पुन्हा पूर्वीचे खाद्य सुरू करावे. मुळात लठ्ठ असलेल्या पक्ष्याचे वजन पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच उतरवावे.

बदलाच्या पद्धती अनेक आहेत. पेलेटचा चुरा करून तो भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवर किंवा किसलेल्या गाजरावर भुरभुरावा, आणि चव ओळखीची झाली की चुऱ्याच्या जागी हळूहळू अख्ख्या गोळ्या आणाव्यात. दुसऱ्या पद्धतीत सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास बिया देऊन मधल्या वेळेत फक्त पेलेटची वाटी ठेवतात. ही पद्धत मध्यम आणि मोठ्या पक्ष्यांना चांगली लागू पडते. बजरी थव्यातील पक्षी असल्याने पेलेट आरशावर किंवा पांढऱ्या ताटलीत पसरून शेजारी बोटाने टकटक केली, तर कुतूहलाने चोच मारते. पेलेट खाणारा दुसरा पक्षी नजरेसमोर असला, तर काम सर्वांत लवकर होते. काही पक्षी आठवड्यात वळतात, काहींना कित्येक महिने लागतात.

नुकताच घरी आणलेला, पिसे झडत असलेला, अंड्यावर बसलेला किंवा आजारी पक्षी असेल, तर हा बदल पुढे ढकलावा. भर पावसाळ्यातही तो सुरू करू नये असे आमचे मत आहे, कारण त्या दिवसांत पक्षी खात नाही की पेलेट सादळले म्हणून नाकारतो, हे ओळखणे कठीण जाते. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम.

१०. तो गोळ्या नुसत्या चुरडतो. पोटात जाते की नाही हे कसे ओळखावे?

वाटीतला चुरा पाहून ते कळत नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घालून विष्ठा पाहावी. खाणाऱ्या पक्ष्याची विष्ठा संख्येने नेहमीइतकी असते आणि पेलेट पोटात जाऊ लागल्यावर तिचा घन भाग पेलेटच्या तपकिरी रंगाकडे झुकतो आणि थोडा मोठा होतो. विष्ठा मोजकी, बारीक आणि गडद हिरवी-काळपट झाली असेल, तर पक्षी उपाशी आहे असे समजून त्याच दिवशी बिया द्याव्यात. वजनाची वही हा दुसरा पुरावा आहे.

११. पेलेट सुरू केल्यापासून तो खूप पाणी पितो आणि विष्ठा पातळ झाली आहे.

पेलेट कोरडे असल्याने तहान थोडी वाढते आणि विष्ठेतील पाण्याचा भागही वाढतो. हे अपेक्षित आहे. घन भागच सैल झाला, त्याला दुर्गंधी आली किंवा पक्षी पिसे फुगवून बसू लागला, तर पशुवैद्यकाला दाखवावे. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पक्षी गोळी पाण्यात बुडवून खात असेल, तर त्याहून अधिक वेळा बदलावे, कारण आपल्या उष्ण हवेत ते पाणी दुपारपर्यंत आंबते.

१२. पेलेटबरोबर आपल्याकडची कोणती फळे-भाज्या चालतील?

लाल भोपळा, गाजर, रताळे, पिकलेली पपई आणि शेवग्याचा पाला यांतून ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर मिळते, आणि शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियमही चांगले असते. लाल माठ आणि पालक अधूनमधून द्यावेत. त्यांतील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडते. पेरू, डाळिंब, चिकू, जांभूळ, करवंद आणि हापूसच्या फोडी आवडीने खाल्ल्या जातात, परंतु साखर जास्त असल्यामुळे त्या तोंडी लावण्यापुरत्याच असाव्यात. जांभळानंतर दिसणारी जांभळी विष्ठा पाहून रात्री-अपरात्री फोन येतात, म्हणून सांगून ठेवतो की ती निरुपद्रवी असते. आंबा देताना देठाकडचा चीक धुऊन साल काढावी. फणसाची आठळी उकडून द्यावी. ओले खोबरे चरबीयुक्त असल्याने नखाएवढा तुकडा पुरे.

कच्च्या काजूबीच्या टरफलात त्वचा भाजणारे तेल असते, त्यामुळे ती पोपटाच्या पिंजऱ्याजवळही ठेवू नये. कच्चे अळू, सीताफळाच्या बिया, अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेली सुकी मासळी आणि मीठ घातलेले कोकम आगळ पूर्णपणे वर्ज्य आहे. पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही, म्हणून दूध-पोळीची जुनी पद्धतही सोडावी. ओले अन्न पावसाळ्यात दोन तासांत काढून टाकावे.

१३. पाण्यातून व्हिटॅमिनचे थेंब द्यावेत का? आणि किनाऱ्यावर सापडणारे समुद्रफेन?

निम्म्याहून अधिक पेलेट खाणाऱ्या पक्ष्याला थेंब देऊ नयेत. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि जास्त झाल्यास अपाय करतात. कॉकाटील जादा ‘अ’ जीवनसत्त्वाला आणि मकाव जादा ‘ड’ जीवनसत्त्वाला विशेष नाजूक असतात. कोवळ्या उन्हात, सावलीची सोय ठेवून, काही वेळ पिंजरा ठेवणे अधिक चांगले. काचेतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग होत नाही.

समुद्रफेन म्हणजे माकुळ जातीच्या प्राण्याचे आतले कवच. ते चघळायला ठेवण्यास हरकत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यामुळे डाग किंवा तेलकट वास असलेले तुकडे उचलू नयेत. स्वच्छ तुकडा तीन-चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत, भिजवून खारटपणा काढावा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावा.

१४. पोल्ट्रीचे खाद्य किंवा नाचणी-डाळींच्या घरगुती गोळ्या दिल्या तर? तेही पेलेटच ना?

अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. पोपटाची मूत्रपिंडे ते सहन करू शकत नाहीत. ब्रॉयलरच्या खाद्यात अनेकदा कॉक्सिडिऑसिस या आतड्यांच्या परजीवी रोगावरील औषधे मिसळलेली असतात. माशांच्या खाद्यात प्रथिने पोपटाच्या गरजेच्या दुपटी-तिपटीने असतात. यांपैकी काहीही देऊ नये.

नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ती भिजवून, मोड आणून खाऊ म्हणून देणे उत्तमच आहे. परंतु नाचणी आणि डाळी दळून केलेल्या गोळ्यांत ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे, आयोडीन किंवा सेलेनियम योग्य मात्रेत येत नाहीत, आणि घरी वाळवलेल्या गोळ्यांत आत ओल राहून बुरशी लवकर धरते.

१५. पेलेटचा सामान्य नियम कोणाला लागू होत नाही?

लोरी आणि लोरीकीट यांची जीभ ब्रशासारखी असून ते मकरंद आणि परागकणांवर जगतात. त्यांना लोरीसाठीचे वेगळे, कमी लोहाचे खाद्य द्यावे, कारण त्यांच्या यकृतात लोह साठण्याचा धोका असतो. इक्लेक्टसच्या आहारात ताज्या भाज्या-फळांचा वाटा मोठा आणि पेलेटचा लहान ठेवावा. कृत्रिम जीवनसत्त्वांचा मारा झाल्यास त्यांच्यात बोटे सतत आपटणे आणि पंख झटकणे अशी लक्षणे दिसल्याच्या नोंदी आहेत. हायसिंथ मकावला इतरांपेक्षा जास्त स्निग्धांश लागतो. अंडी घालणाऱ्या मादीला त्या काळापुरते ‘ब्रीडिंग’ पेलेट आणि समुद्रफेन द्यावे, आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी कुंथत बसलेली दिसली तर अंडे अडकले असे समजून ताबडतोब दवाखाना गाठावा. हाताने भरवल्या जाणाऱ्या पिल्लांना पेलेट चालत नाही. त्यांचे पातळ खाद्य वेगळे असते.

१६. माडाच्या ढोलीतून पडलेले पोपटाचे पिल्लू घरी आणले आहे. त्याला कोणते पेलेट देऊ?

आपल्या रानातले सर्व पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि त्यांना घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग पिल्लू विकत घेतलेले असो वा सापडलेले. पिल्लाला इजा नसेल, तर टोपलीत ठेवून ती त्याच माडाला उंच बांधावी. आई-बाप भरवायला येतात. इजा असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत पिल्लू खोक्यात, उबेत, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये.

विदेशी पोपटांपैकी बजरी आणि कॉकाटील यांना नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, सन कन्युअर, मकाव यांसारख्या ‘साइट्स’ (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) यादीतील जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

१७. गणपतीला मुंबईहून गावी येताना पक्षी बरोबर आणतो. दहा दिवस पेलेटचे काय करावे?

लागतील तितके पेलेट घरच्याच पाकिटातून, दोन-दोन दिवसांच्या पुड्या करून, लहान हवाबंद डब्यात आणावे आणि एका वेळी एकच पुडी फोडावी. वाटीतले पेलेट सकाळी आणि संध्याकाळी बदलावे; उरलेले परत डब्यात टाकू नये. प्रवासाच्या दिवशी पक्षी पेलेटकडे पाहत नसेल, तर बिया आणि काकडीचे तुकडे द्यावेत आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचा क्रम धरावा. घरात पाहुण्यांची वर्दळ असते आणि प्रत्येकाला पोपटाला प्रसाद भरवायचा असतो. मोदक, पेढे आणि फरसाण पिंजऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पिंजरा ओटीवर टांगण्याऐवजी आतल्या खोलीत ठेवावा, आणि मुलांच्या हाती द्यायला डाळिंबाच्या दाण्यांची एक वाटी भरून ठेवावी.